दिसलाच नाहीत हो काका

मागच्या वर्षी जुलैत, सकाळी पावणेनऊची वेळ. सोसायटीच्या गेटातून गाडी बाहेर काढत होतो, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा, क्लच सोडला आणि धाडकन आवाज. बंपरसमोर एक अ‍ॅक्टिव्हा आडवी आणि शेजारी साठीतले एक काका रेनकोटसकट रस्त्यावर बसलेले. नशीब एवढंच की दोघांनाही फारसा वेग नव्हता, त्यामुळे गुडघा खरचटला आणि डबा सांडला एवढ्यावर निभावलं. (मटकीची उसळ होती. अजून डोळ्यासमोर आहे, चिखलात पसरलेली.) मी धावत गेलो आणि तोंडातून निघालं, "सॉरी काका, दिसलाच नाहीत हो." काका माझ्याकडे बघतच राहिले. "दिसलो नाही? अरे पिवळाजर्द रेनकोट घातलाय मी!"

पिवळाजर्दच होता. एव्हाना चारपाच जण गोळा झाले होते, त्यातला एक म्हणाला डोळे घरी ठेवून आलास का, आणि आमचा वॉचमन लांबून असा बघत होता की साहेब, खोटं तरी जरा बरं बोला. मला स्वतःलाच माझं वाक्य ऐकून लाज वाटली. पण खोटं नव्हतं ते. मान उजवीकडे वळवल्याचं मला नीट आठवतंय, त्या बाजूची बोगनवेल दिसली होती, क्लासचा फ्लेक्स दिसला होता, पलीकडे उभा असलेला टेम्पो दिसला होता. काका नव्हते. आणि आता कबूल करतो, कानात ब्लूटूथ होता, भावाशी बोलत होतो, आईच्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या होत्या त्याबद्दल. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते म्हणजे कायद्याच्या हिशोबाने मी गुणी बाळ.

त्यानंतर बरेच दिवस मी हे "दिसलंच नाही" प्रकरण वाचत बसलो, आणि वाचून माझं एक मत झालंय जे बऱ्याच जणांना आवडणार नाही. अपघातानंतर ड्रायव्हर "दिसलंच नाही" म्हणतो ते आपण कायम बहाणा समजतो, पण पुष्कळदा ते शब्दशः खरं असतं. आणि ते खरं असतं म्हणूनच "नीट बघून चालवा" या सल्ल्यावर उभी असलेली आपली सगळी रस्तासुरक्षा, म्हणजे ते बोर्ड, ते सप्ताह, त्या शपथा, आणि फोन हातात नसला की झालं हा कायदा, हे सगळं चुकीच्या पायावर उभं आहे.

मराठी व्याकरणाला हे आधीपासून ठाऊक आहे, गंमत बघा. "मी बघितलं" यात मी कर्ता आहे, काम मी केलं. "मला दिसलं" यात मी कर्ता नाहीच, समोरची गोष्ट माझ्यापर्यंत आली, मला भूक लागली, ताप आला, तसं मला दिसलं. बघणं माझ्या हातात आहे, दिसणं नाही. त्या सकाळी मी बघितलं आणि मला दिसलं नाही. पोलीस, वकील, विमा कंपनी, गोळा झालेली गर्दी, सगळे धरून चालतात की बघितलं म्हणजे दिसलंच पाहिजे, आणि नाही म्हणणारा एकतर बेफिकीर नाहीतर खोटारडा.

आता डोळ्याचं काम कसं चालतं ते जरा बघू, कारण इथेच आपली सगळ्यात मोठी फसगत आहे. हात समोर लांब करा आणि अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढा भाग, साधारण दोन अंश, एवढंच डोळ्याला बारकाईने दिसतं. रेटिनाच्या मधोमध एक छोटा खळगा असतो तिथेच तेवढी दाटीवाटीने यंत्रणा बसवलेली आहे, त्याच्या बाहेर गेलं की चित्र झपाट्याने धूसर होतं, इतकं की हे वाक्य वाचताना चार ओळी खालचा शब्द तुम्हाला वाचता येत नाहीये (नजर न हलवता प्रयत्न करा). मग अख्खं जग स्वच्छ का वाटतं? कारण डोळे सेकंदाला तीनचार उड्या मारत असतात आणि जिथे नजर टाकू तिथे स्पष्टच मिळतं, फ्रिजच्या दिव्यासारखं, दार उघडलं की चालू, म्हणून वाटतं कायमच चालू असतो. आणि उडी मारतानाचा तो क्षण मेंदू गाळून टाकतो. आरशासमोर उभे राहा, स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, परत डाव्याकडे. डोळे हलताना दिसणार नाहीत. बायकोला शेजारी उभं करा, तिला तुमचे डोळे टकाटक हलताना दिसतील. दिवसभर असे किती तुकडे आपल्या सिनेमातून कापले जातात आणि आपल्याला पत्ता नसतो.

मायकेल कोहेन नावाचा अमेरिकन संशोधक आहे, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात असतो, दृष्टी आणि जाणीव हाच त्याचा विषय. त्याने सहकाऱ्यांबरोबर २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला तो मला सगळ्यात भारी वाटला, कारण त्यात कोणी मुद्दाम लक्ष भलतीकडे वळवलेलं नाही. लोकांना व्हीआर हेडसेट लावला, खऱ्या जगातली चौफेर दृश्यं दाखवली, हवं तिकडे मान फिरवा, मजेत बघा. हेडसेटमध्ये डोळ्यांचा माग काढणारं यंत्र होतं. लोक बघत असताना हळूहळू कडेकडेचा रंग काढून टाकायला सुरुवात केली, म्हणजे नजर जिथे आहे तेवढं वर्तुळ रंगीत आणि बाकी सगळं जुन्या सिनेमासारखं कृष्णधवल, आणि नजर फिरेल तसं ते वर्तुळ बरोबर फिरणार. शेवटी तर पाच टक्क्यांपेक्षाही कमी भाग रंगीत उरला होता, आणि तरीही जवळजवळ एकतृतीयांश लोकांना काही झाल्याचं कळलंच नाही. पंचाण्णव टक्के जग ब्लॅक अँड व्हाइट आणि माणूस म्हणतोय छान रंगीत आहे! हे वाचल्यावर मला माझा रिकामा रस्ता आठवला. तो मोकळा रस्ता मला दिसला होता की मेंदूने रोजच्या सवयीने भरून टाकला होता, देव जाणे.

गोरिलाचा व्हिडिओ तर व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी बघितलेला आहे, १९९९ मध्ये हार्वर्डला डॅनियल सिमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी केलेला, बॉलचे पास मोजायला सांगितलेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना मधोमध येऊन छाती बडवणारा गोरिला दिसला नाही. त्यावर नेहमीचा शेरा असा की हे सगळे कॉलेजची पोरं, हौशी लोक, कसलेल्या माणसाला असं होणार नाही. तर २०१३ मध्ये हाच प्रकार रेडिऑलॉजिस्ट मंडळींवर करून बघितला. ज्यांचं पोटच बारीक गाठी शोधण्यावर आहे असे २४ डॉक्टर, त्यांना फुफ्फुसांचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितल्या, आणि त्यातल्या एकात नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठा गोरिला डकवला. २० डॉक्टरांना दिसला नाही. आणि आता खरी मेख ऐका: डोळ्यांचा माग काढणाऱ्या यंत्रानुसार त्या वीसपैकी निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. म्हणजे डोळ्याने आपलं काम केलं होतं. गाठ शोधायला बसलेल्या मेंदूला गोरिला नको होता.

पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत स्टानिस्लास देहान यांनी याच्या पुढचं दाखवलंय. पडद्यावर एक शब्द जेमतेम ३० मिलिसेकंद चमकवायचा आणि त्याच्या पुढेमागे दुसऱ्या आकृत्या टाकायच्या, माणूस शपथेवर सांगतो की शब्दबिब्द काही नव्हता. पण स्कॅनमध्ये त्याच्या मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागात शब्दाची हालचाल झालेली असते. शब्द आत आला, थोडा वाचलाही गेला, आणि उंबरठ्यावरच विझला. तोच शब्द जाणवण्याइतपत टिकला की साधारण ३०० मिलिसेकंदांच्या सुमाराला कपाळामागचे आणि बाजूचे भाग एकदम पेटतात, देहान त्याला भडका उडणंच म्हणतात. आता हे ३०० मिलिसेकंद जरा रस्त्यावर आणून बघा. ताशी ६० ने जाणारी गाडी तेवढ्यात पाच मीटर पुढे गेलेली असते, अख्ख्या कारच्या लांबीपेक्षा जास्त. आणि ब्रेकचा विचार अजून पुढेच आहे.

जाणीव म्हणजे नेमकं काय यावर या लोकांचं आपापसात जोरदार भांडण आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल, २०२३ मध्ये भर सभेत वाइनच्या बाटल्या देऊन पैज हरल्याचं मान्य केलं. दोन प्रतिस्पर्धी सिद्धांतांची समोरासमोर कसोटी लागली, २५६ लोकांवरचा तो मोठा प्रयोग २०२५ मध्ये "नेचर"मध्ये आला आणि दोघांचेही काही दात त्यात पडले. पण कुठल्याही बाजूचा कोणीही असं म्हणत नाही की डोळ्यासमोर आलं म्हणजे जाणवलंच. तेवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे, आणि रस्त्यासाठी मला तेवढंच पुरे.

एक अवघड गोष्ट मात्र इथे सांगायला हवी, माझ्या बाजूला थोडी खाणारी आहे तरी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या टीमने २०२५ मध्ये हजारो लोकांवर हे प्रयोग वेगळ्या पद्धतीने करून बघितले, "काही दिसलं का" एवढं विचारून न थांबता नाही म्हणणाऱ्यांनाही विचारलं की बरं, अंदाजाने सांगा, डावीकडे होतं की उजवीकडे, रंग कोणता होता. आणि नाही म्हणणाऱ्यांचे अंदाज नुसत्या छापाकाट्यापेक्षा जास्त वेळा बरोबर आले. म्हणजे "दिसलंच नाही" म्हणणाऱ्याच्या आत कुठेतरी थोडंसं दिसलेलं असतं. याचा टोकाचा नमुना लॉरेन्स वाइसक्रान्झ यांनी १९७४ मध्येच नोंदवलाय, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डावीकडचं काहीच न दिसणारा एक रुग्ण, जो मला काही दिसत नाहीये म्हणत म्हणत ठिपक्याकडे बरोबर बोट दाखवायचा. मग माझ्या आतही कुठेतरी पिवळा रेनकोट पोचला होता का? असेलही. मला कोणी तिथल्या तिथे विचारलं असतं की अंदाजाने सांग रंग कोणता, तर कदाचित पिवळा म्हणालो असतो. पण ती पुसटशी खूण क्लचवरचा पाय थांबवायला पुरली नाही ही वस्तुस्थिती आहे, आणि काका पडले ते त्यामुळे.

"दिसलं नाही" या वाक्यावर विश्वास न ठेवल्याने काय होतं त्याचा एक किस्सा बॉस्टनचा आहे. १९९५ च्या जानेवारीतली रात्र, गोळीबारातल्या संशयितांचा पाठलाग चालू. मायकेल कॉक्स हा साध्या वेशातला कृष्णवर्णीय पोलीस एका संशयिताच्या मागे कुंपणापाशी पोचला, आणि मागून आलेल्या त्याच्याच खात्याच्या लोकांनी त्याला गुन्हेगार समजून बेदम मारलं. त्याच सुमाराला, त्याच कुंपणावरून, त्याच संशयितामागे केनी कॉन्ली नावाचा दुसरा पोलीस चढून गेला. त्याने पुढे कोर्टात सांगितलं, मी मारहाण बघितली नाही, माझं लक्ष पळणाऱ्यावर होतं. कोणाचाही विश्वास बसेना, काही फुटांवर माणूस तुडवला जातोय आणि याला दिसत नाही? साथीदारांना वाचवतोय म्हणून १९९८ मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी ठरला, ३४ महिन्यांची शिक्षा. नंतर वरच्या कोर्टात ती टिकली नाही, तो परत नोकरीवर आला, पण मधली वर्षं गेलीच. (कॉक्स २०२२ मध्ये बॉस्टनचे पोलीस कमिशनर झाले, हेही जाता जाता.) शाब्री आणि सिमन्स यांनी २०११ मध्ये हीच परिस्थिती उभी करून बघितली, एका धावणाऱ्याच्या मागे लोकांना पळवलं, तो डोक्याला किती वेळा हात लावतो ते मोजायला सांगितलं, आणि वाटेच्या कडेला तीन जणांची लुटुपुटूची मारामारी लावली. रात्री फक्त ३५ टक्के लोकांना ती दिसली. भर दिवसा ५६. कॉन्लीला त्या रात्री नेमकं काय दिसलं ते आता कोणीच सांगू शकत नाही, पण ज्युरीने जे अशक्य मानलं ते अशक्य नव्हतं एवढं नक्की.

कॉन्ली पळणाऱ्या माणसाच्या मागे होता. मी गोळ्यांच्या मागे होतो. पाच मिलिग्रॅम की अडीच, जेवणाआधी की नंतर. यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर गेली वीसपंचवीस वर्षं ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर हेच तपासतोय. लोकांना हँड्सफ्रीवर गप्पा मारत गाडी चालवायला लावली, वाटेत जाहिरातींचे बोर्ड होते, यंत्राने नोंदवलं की नजर बोर्डवर पडली, आणि नंतर विचारलं तर फोनवर बोलणाऱ्यांना ते बोर्ड फारसे ओळखताच येईनात. फोन हातात की कानात याने विशेष फरक पडला नाही. मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं तरी वेगळं कसं, हा प्रश्न सगळेच विचारतात, तर तेही त्यांनी करून बघितलंय: शेजारच्याला रस्ता दिसत असतो, वळण आलं, गर्दी आली की तो आपोआप गप्प होतो नाहीतर "अरे ट्रक" म्हणतो. माझा भाऊ ठाण्यात सोफ्यावर बसला होता. त्याला काय माहीत इकडे गेट आलंय.

आणि आपला कायदा काय म्हणतो? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगच्या यादीत फोन आला खरा, पण "हातात धरलेला". म्हणजे धोका हाताला आहे असं गृहीत! ब्लूटूथवर बोला, मीटिंग घ्या, बॉसच्या शिव्या खा, घटस्फोटाची बोलणी करा, हात स्टिअरिंगवर असू द्या म्हणजे झालं. गाडी कंपन्या तर कॉलची सोय सुरक्षेच्या नावाखाली विकतात. मला मान्य आहे की हँड्सफ्रीवर बंदी आणली तर ती पाळली जाणार नाही, पोलीस कोणाचे ओठ बघत बसणार. पण कायदा निदान लोकांना खोटा दिलासा देऊ शकतो किंवा तो देणं थांबवू शकतो, आणि आजच्या घडीला तो दिलासा देतोय. माझ्या ऑफिसमध्ये अर्धी माणसं सकाळचा कॉल गाडीतून लावतात आणि साहेब त्याचं कौतुक करतात, "ट्रॅव्हल टाइम प्रॉडक्टिव्ह". ऑफिसने गाडी चालवणाऱ्याचा कॉल घ्यायचा नाही एवढा साधा नियम केला तरी पुष्कळ होईल, त्याला संसद लागत नाही.

दुसरं, दुचाकीचं. ऑस्ट्रेलियात क्रिस्टन पामर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लोकांना रस्त्याचे फोटो दाखवून हा प्रसंग सुरक्षित आहे की धोक्याचा ते ठरवायला सांगितलं, आणि शेवटच्या फोटोत एक जास्तीचं वाहन घातलं, काहींना टॅक्सी, काहींना मोटरसायकल. टॅक्सी ३१ टक्क्यांच्या नजरेतून सुटली, मोटरसायकल ६५ टक्क्यांच्या. कारवाल्याचा मेंदू कारच शोधत असतो. हे तिथलं, जिथे बाइक कमी. आपल्याकडे चहूकडे बाइकच आहेत, त्यामुळे टक्के तेच येतील असं मी म्हणत नाही, पण आपले मृत्यू कुठे होतात बघा: २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पायी चालणारी. म्हणजे दर तीन मृतांपैकी जवळजवळ दोघं अशी, ज्यांना पत्र्याचं कवच नाही आणि जी नजरेतून सगळ्यात सहज निसटतात. यातली सगळी दिसली नाहीत म्हणून गेली असं अजिबात नाही, वेग आहे, दारू आहे, राँग साइड आहे, खड्डे तर आहेतच. पण सरकारी तक्त्यात "बघितलं पण दिसलं नाही" असा रकानाच नाही, त्यामुळे ते सगळं ड्रायव्हरच्या चुकीत जमा होतं आणि फाइल बंद.

इथे हमखास येणारा आक्षेप: मग काय सगळ्यांना सोडून द्यायचं? उद्या कोणीही उठेल, माणूस उडवेल आणि म्हणेल मेंदूशास्त्राप्रमाणे मला दिसलाच नाही. भीती रास्त आहे, आपल्याकडे पैसेवाल्याचा वकील हे पहिल्याच तारखेला वापरेल. पण माझ्या मते उलट आहे. दिसणं माझ्या हातात नसेल तर त्याच्या आधीचं जे हातात आहे त्याचा हिशोब जास्त कडक मागायला हवा. फोन घ्यायचा की नाही हे मी गेटच्या आत ठरवलं होतं. शाळेसमोर साठने जायचं की तीसने हे ठरवायला कुठला गोरिला आड येत नाही. शेवटच्या सेकंदाला काय दिसलं यावर घोळ घालत बसण्यापेक्षा त्याआधीच्या दोन मिनिटांत त्याने काय काय निवडलं ते विचारा, आणि ते तपासताही येतं, कॉल रेकॉर्ड असतो, स्पीड कॅमेरा असतो. माझं प्रकरण पोलिसात गेलं असतं तर मला दिसलं की नाही यापेक्षा कॉल चालू होता का हे विचारायला हवं होतं, आणि मी अडकलो असतो, अडकायलाच हवा होतो.

आणि रस्ता. आपल्या घाटांत "अति घाई संकटात नेई" लिहून किती वर्षं झाली? समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळसोट रस्त्यावर माणसं टक्क उघड्या डोळ्यांनी संमोहित होतात याची इतकी चर्चा झाली, आणि त्यावर बऱ्याच जणांचा सल्ला काय, तर ड्रायव्हरने सावध राहावं. सावध राहणं हीच तर संपणारी गोष्ट आहे, डिझेलसारखी. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्येच ठरवलं की माणूस चुकणार हे धरून रस्ता बांधायचा, चुकलेल्या माणसाचा जीव जाता कामा नये, जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेगच असा ठेवायचा की धडक बसली तरी माणूस वाचेल, तीसच्या आसपास. आपल्याकडे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती, मग तिथे एकेक धोकादायक जागा शोधून कठडे, उघडे खांब, खुणा असलं रुक्ष काम सुरू झालं, पोलिसांची नाकाबंदीही जोडीला होती, आणि पुढच्या वर्षांत आकडा बराच खाली आला. ड्रायव्हर तेच होते. त्यांचे मेंदूही तेच.

लायसनचं तर बोलायलाच नको. डोळ्यांची तपासणी, तीही बहुतेक कागदावर, मग चिन्हं ओळखा, मग आठचा आकडा काढा. डोळा आहे का आणि हँडल वळतं का एवढंच आपण तपासतो. ब्रिटनमध्ये २००२ पासून परीक्षार्थीला रस्त्याच्या क्लिप दाखवतात आणि धोका तयार होताना दिसला की बटण दाबायला सांगतात, पार्क केलेल्या गाड्यांमधून पोरगं येऊ शकतं, हे हेरायला शिकवतात. कारण दिसणं सरळ वाढवता येत नसलं तरी काय अपेक्षित धरायचं हे शिकता येतं, आणि मेंदूला जे अपेक्षित असतं ते लवकर दिसतं. मोबाइलवर करता येईल अशी परीक्षा आहे ती. आरटीओच्या एजंटला त्यातही वाट सापडेल हा भाग वेगळा.

आमच्या सोसायटीत पुढे काय झालं ते सांगतो. काकांच्या अ‍ॅक्टिव्हाचा खर्च मी दिला, ते शेजारच्याच गल्लीतले निघाले. मी कमिटीला पत्र दिलं की गेटच्या उजवीकडची बोगनवेल आणि क्लासचा फ्लेक्स काढा, बाहेर पडताना स्पीडब्रेकर घाला आणि समोरच्या खांबावर बहिर्गोल आरसा लावा. सर्वसाधारण सभेत सव्वा तास चर्चा झाली. सेक्रेटरींचं म्हणणं, लोकांनी नीट बघून गाडी काढावी, आरशाला २८०० रुपये कशाला. मी गोरिला सांगितला, सीटी स्कॅन सांगितला, लोक हसले, एक आजोबा म्हणाले आमच्या वेळी माणसं समोर बघून चालवायची. शेवटी ठराव झाला की "गाडी सावकाश चालवा" असा बोर्ड लावावा, देणगीदाराच्या नावासह. बोर्ड फ्लेक्सच्या शेजारीच लागला, म्हणजे उजवीकडचं आणखी झाकलं गेलं.

आरसा मात्र फेब्रुवारीत बसला, दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीची सायकल तिथेच गाडीला घासल्यावर. बोगनवेल अजून आहे, ती चेअरमन काकूंनी लावलेली आहे. सकाळी लवकर गेलं तर वॉचमन त्या आरशात केस विंचरताना दिसतो. मी आता फोन गेटच्या आतच बंद करतो, भाऊ वैतागलाय, म्हणतो तू फोनच उचलत नाहीस. गेटपाशी येऊन पूर्ण थांबतो, आरशात बघतो, मान वळवतो, परत एकदा वळवतो. आणि काका, पावसाळा असो नसो, आमच्या गेटपाशी आले की लांबूनच हॉर्नवर अंगठा दाबून ठेवतात, गेटमध्ये कोणी असो नसो, पार पलीकडच्या मेडिकलपर्यंत.